एनएफएल ड्राफ्ट गाईड: आकडे मस्त, पण क्वार्टरबॅकच्या पानांवर राग आला

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिच्या ड्राफ्टच्या (टीम्स कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात तो) आधी एक पेड गाईड घेतलं, नाव नाही देत. लाईनमन, कॉर्नरबॅक वगैरे पोझिशनचा भाग खरंच चांगला आहे, मोजमापं नीट, वाचायला सोपं.

पण क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणारा, टीमचा खेळ चालवणारा खेळाडू) पानांवर डोकं फिरलं राव. गोऱ्या पोराबद्दल अख्खा पॅरा, तो डिफेन्स कसा वाचतो, टीमला कसा सांभाळतो, आणि पुढच्याच पानावर ब्लॅक पोरगा, तर त्याचा पळण्याचा स्पीड, उडी, हाताची ताकद, आणि खेळ वाचण्यावर फक्त एक ओळ, तीही शंका घेणारी! अरे २०१८ ला लमार जॅक्सन या ब्लॅक क्वार्टरबॅकचं काय झालं आठवतंय ना, हाइझमन (कॉलेज फुटबॉलचा सर्वात मोठा पुरस्कार) जिंकलेला पोरगा, त्याला क्वार्टरबॅक सोड, रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) हो म्हणून सल्ले देत होते, ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले आणि हा एकूण ३२ वा, मग २०१९ च्या सीझनला एकमताने एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). आणि हे आजचं नाही, १९६८ मध्ये मार्लिन ब्रिस्को या ब्लॅक क्वार्टरबॅकने डेन्व्हरसाठी १४ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) फेकले तरी पुढच्या वर्षी बफेलोत त्याला रिसीव्हरच केलं. वॉरन मून, तोही ब्लॅक क्वार्टरबॅक, त्याला तर १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही, कॅनडात जाऊन एडमंटनसाठी पाच ग्रे कप (तिकडच्या लीगची ट्रॉफी) जिंकले बिचाऱ्याने, तेव्हा कुठे एनएफएलचं दार उघडलं.

एवढं सगळं होऊनही पैसे घेऊन असं छापतात याचा खूप त्रास होतो. बाकी पोझिशनसाठी घ्या, क्वार्टरबॅकसाठी सरळ मॅचेस बघा. ५ पैकी २ स्टार.