जनगणना पुस्तिकेतलं आमचं गाव: काही महिन्यांच्या वापरानंतर

गावाला संध्याकाळची एसटी हवी म्हणून अर्ज करायचं लालबागच्या आमच्या ग्रामस्थ मंडळात ठरलं. माहिती जमवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याची २०११ ची जनगणना पुस्तिका माझ्या रोजच्या वापरात आहे. ती फुकट उतरवून घेता येते. 'अ' भागात गावातल्या सोयी आहेत आणि 'ब' भागात लोकसंख्येचा गोषवारा.

लोकसंख्येचा भाग उत्तम आहे. घरं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, शेतकरी, मजूर, सगळं गावागणिक मिळतं. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. कोकणातला कमावता पुरुष कुठे राहतो हे एवढ्यावरून कळतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. गणना फेब्रुवारीत झाली, शिमग्याच्या आधी. म्हणजे चाकरमानी धरलेच गेले मुंबईत.

'माणसं कमी, मग गाडी कशाला?' असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं होतं. त्याला उत्तर याच तक्त्यात सापडलं. गावात मागे राहिल्या आहेत त्या मुख्यतः बाया, म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. दुचाकी यांच्याकडे नसते, त्यामुळे एसटीची गरज यांनाच सगळ्यात जास्त. सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणारा 'सीमांतिक' कामगार ठरतो, हेही ध्यानात ठेवा. पावसाळी भातशेतीत राबणारी बाई त्यात सहज जाते. तो आकडा बघून बाया रिकाम्या बसतात असं कुणी समजू नये.

वाहतुकीच्या रकान्यांनी मात्र मला फार छळलं. सरकारी बस, खासगी बस, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडीसेवा. राष्ट्रीय महामार्गापासून डांबरी, खडीचा रस्ता आणि पायवाटेपर्यंत सगळं विचारलेलं आहे. सोय गावात असेल तर 'आहे'. नसेल तर जवळची सोय किती लांब, त्याची तीन अक्षरं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. बस दिवसातून किती वेळा येते, शेवटची कधी, वस्तीची गाडी आहे का, यातलं काहीच नाही. सकाळी एकदा येऊन जाणारी गाडीसुद्धा 'आहे'मध्येच जमा.

खरी अडचण वाडीची आहे. पुस्तिका महसुली गाव एक धरते. कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. थांबा खालच्या वाडीत असला की सगळ्या गावाला बस मिळाली. वरच्या वाडीतल्या आजीला पाखाडी उतरून, साकव ओलांडून तिथवर यावं लागतं, तेही जुलैच्या पावसात. तिची ती चाल कागदावर कुठेच येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्ज नाकारायला तेच 'आहे' पुरेसं ठरतं.

म्हणून आम्ही वाडीवार तक्ता स्वतः केला: घरं किती, शाळेत जाणारी पोरं किती, थांब्यापर्यंत चालायला किती वेळ, पावसात वाट बंद होते का. गावातल्या बायकांनी फोनवर सांगितलं, आम्ही इथे लिहून घेतलं. अर्जाला दोन्ही जोडले. पुस्तिकेची ओळ असली की कागदाला वजन येतं, हा अनुभव आहे. निव्वळ आमचा तक्ता कुणी हातात धरला नसता.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. गावांची नावं रोमन लिपीत आहेत, एकाच नावाची गावं बरीच, त्यात बुद्रुक-खुर्दची भर. नावावर जाऊ नका, गावाचा सहा आकडी संकेतांक शोधून तोच सगळीकडे वापरा.

माहिती जुनी झाली आहे, पण गावपातळीवर एवढी तपशीलवार दुसरी मला मिळाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तेव्हा गावच्या सोयींची माहिती घ्यायला कुणी आलं, तर वाड्यांची अंतरं लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्यावा, असं आम्ही सरपंचांना आताच कळवलं आहे.