ब्लॅकोडायझिंगचा काही महिन्यांचा अनुभव: काळं टिकलं, ब्लाइंड होलनी छळलं

ब्लॅकोडायझिंग (पोलादाच्या भागाला गरम रसायनात बुडवून काळा थर आणणं) केलेल्या फिक्स्चर प्लेट (मशीनवर काम पकडून ठेवणाऱ्या), क्लॅम्प आणि स्टॉपर बरेच महिने वापरात आहेत. वरचं काळं अजून ठीक आहे. हात लागतो तिथे थोडं चकाकतं, पण तेवढं चालायचंच. तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे: एम६ चे ब्लाइंड टॅप होल, म्हणजे ६ मिमी बोल्टसाठी आट्या पाडलेली, आरपार न जाणारी भोकं. भिंतीला लोणा धरावा तशी प्रत्येक भोकाच्या तोंडाशी पांढरी पूड येते. पुडीच्या कडेने तपकिरी कडं दिसतं आणि बोल्ट आत खरखरत जातो. प्रक्रिया करून देणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: "तेल कमी पडलं असेल, पुसून परत लावा." पुसून लावलं तरी पूड काही आठवड्यांत परत हजर. तेल कमी पडलं असतं तर गंज सगळ्या प्लेटवर आला असता. तो नेमका भोकांच्याच तोंडाशी का यावा?

कारण भोकात तेल नाही, टाकीतलं मीठ आहे. हॉट ब्लॅकनिंगची, म्हणजे ब्लॅकोडायझिंगचीच, टाकी म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट-नायट्राइटचं घट्ट द्रावण, १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारं. जॉब (प्रक्रियेला दिलेला भाग) बाहेर काढला की आट्यांच्या खाचेत आणि ड्रिलच्या टोकाच्या शंकूत राहिलेलं द्रावण थंड होऊन तिथेच गोठतं. मग रिन्सची पाळी. भोक खाली तोंड करून बुडवलं तर आत हवा अडकते आणि पाणी तळापर्यंत पोचत नाही. वर तोंड करून बुडवलं तर जड द्रावण तळाशीच बसून राहतं. म्हणजे जॉब पाण्याखालीच तिरका करून फिरवल्याशिवाय भोक धुतलंच जात नाही. जाळीत भरून दोन डुबक्या मारणाऱ्याकडून हे होणं शक्य नाही.

त्यावर डीवॉटरिंग ऑइल (पाणी हटवून पृष्ठभागावर बसणारं तेल) बसतं आणि जॉब झकास दिसतो. आतलं कॉस्टिक मात्र हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आट्यांवरून वर सरकतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा कार्बोनेट होतो. पांढरी पूड बहुतेक तीच. तेलात चरबीचा अंश असेल तर त्याचा साबण होतो आणि थर फाटतो. गाढ कॉस्टिकखाली पोलाद तसं गंजत नाही. गंज धरतो तो कडेला, जिथे ओल आहे, तेल गेलंय आणि अल्कली पातळ झाली आहे. म्हणून कडं तपकिरी आणि मधला भाग पांढरा.

तपासणी अगदी सोपी आहे, पण ती तेल लावायच्या आधीच करायची, कारण तेलकट आट्यांवर पाणी धरत नाही. कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओली करून भोकाच्या तळापर्यंत घालायची, दोन-तीनदा फिरवायची आणि बाहेर काढून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत, म्हणजे कॉस्टिकसारख्या क्षारात, गुलाबी होणाऱ्या सूचकाचा) थेंब टाकायचा. काडी गुलाबी झाली की आत अल्कली आहे, वाद संपला. प्लेट वरून कितीही स्वच्छ धुतलेली असो, ब्लाइंड होलमधली काडी गुलाबी निघू शकते, म्हणून वरच्या पृष्ठभागाला पीएच पेपर लावून समाधान मानू नये.

पूड आलेले जॉब वाया जात नाहीत. आधी सॉल्व्हंटने तेल काढायचं. अल्कलाइन क्लीनर नको, आत आधीच तेच भरलंय. मग स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. मधेच जॉब उलटसुलट करून आतली हवा सोडायची, बाहेर काढून भोकं एअर गनने फुंकायची (गॉगल हवाच, जे उडतं ते कॉस्टिक असतं) आणि पाणी बदलून पुन्हा उकळायचं. काडी पांढरी राहिली की गरम असतानाच कोरडं करून लगेच डीवॉटरिंग ऑइलमध्ये टाकायचं. उकळण्याने काळ्या थराला काही होत नाही, तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आहे. आधीच खाल्लेल्या आट्या मात्र परत येत नाहीत. तिथे टॅप फिरवून गेज लावून बघावं.

इथे मत बदललं ते कोल्ड ब्लॅकनिंगबद्दल. कॉस्टिक नाही, उकळणं नाही, म्हणून ब्लाइंड होलवाल्या जॉबला तेच बरं असं आधी वाटत होतं. पण ते द्रावण आम्लयुक्त असतं, आणि काळं दिसतं ते लोखंडाचं ऑक्साइड नसून वर बसलेलं तांबं-सेलेनियमचं संयुग असतं. ते भोकात अडकलं की गंज उलट लवकर येतो, आणि पृष्ठभागावरचा थर पांढऱ्या फडक्याने घासला तर फडक्यावर उतरतो. ग्राइंडिंगनंतर उघड्या पडलेल्या कडेला टचअप म्हणून ते उत्तम, त्यापलीकडे नको. सेलेनियम विषारी असल्यामुळे हातमोजे हवेत आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही.

मग सरळ काळं झिंक-निकेल प्लेटिंग का नाही? मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत दोघांची तुलनाच होत नाही. चांगलं झिंक-निकेल शेकडो तास काढतं. ब्लॅकोडायझिंग तेलाशिवाय काही तासांतच हात टेकतं, कारण त्याचा थर जेमतेम एक मायक्रॉनचा आणि सच्छिद्र असतो. पण फिक्स्चरच्या प्लेटला हाच पातळ थर हवा असतो. ६ एच७ च्या (६ मिमी व्यासाच्या, नेमक्या मापाच्या) डॉवेल होलला, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनेच्या भोकाला, मापात एकूण सूट १२ मायक्रॉनची. भिंतीवर ८ मायक्रॉन प्लेटिंग चढलं तर व्यास १६ ने कमी होतो आणि डॉवेल बसत नाही. आट्यांचं गणित आणखी वाईट, कारण ६० अंशाच्या आटीत पिच डायमीटर (आटीच्या मधल्या उंचीवरचा व्यास) थराच्या चौपट बदलतो. एम६ च्या ६जी (नेहमीच्या सैलपणाच्या) बोल्टला जागा असते २६ मायक्रॉनची, आणि ८ चा थर ३२ मागतो. शिवाय खोल ब्लाइंड होलच्या तळाशी इलेक्ट्रोप्लेटिंग नीट पोचत नाही ते वेगळंच. त्यामुळे उघड्यावर राहणाऱ्या ब्रॅकेटला झिंक-निकेल आणि मापाच्या जॉबला ब्लॅकोडायझिंग, अशी वाटणी आता पक्की.

१२.९ ग्रेडच्या, म्हणजे खूप मजबूत पोलादाच्या, बोल्टना मात्र प्लेटिंग बेतानेच. पिकलिंगचं (आधी गंज-खपली काढायचं) आम्ल आणि प्लेटिंग दोन्हीतून हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि ताण दिल्यावर बोल्ट काही तासांनी, कधी काही दिवसांनी, अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग हा नेहमीचा उपाय. किती तास केलं ते लेखी मागावं. ब्लॅकोडायझिंगच्या टाकीत करंट नसतो, तरी आधी आम्लात किती वेळ ठेवता हे विचारावंच. झिंक फ्लेक (जस्ताच्या पापुद्र्यांचा, करंटशिवाय लावायचा लेप) हा तिथला चांगला पर्याय: ब्लास्टिंगने साफ करून लावलं तर हायड्रोजनचा प्रश्न येत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. लालसर किंवा तपकिरी छटा आली तर टाकी जास्त तापली असेल, म्हणजे पाणी उडून द्रावण घट्ट झालं असेल. हिरवट-करडं आलं तर तापमान कमी पडलंय. जास्त क्रोमियमचं टूल स्टील मुळातच वेगळ्या छटेचं येतं, त्यावरून भांडू नये. ब्रेझिंग केलेला किंवा अॅल्युमिनियमचा भाग असलेला जॉब चुकूनही पाठवू नये. अॅल्युमिनियम विरघळतं आणि टाकीही बिघडते.

तेलात काटकसर करायची असेल तर ती योग्य जागी करावी. डीवॉटरिंग ऑइल फेकायची गरज नसते. जॉबवरून सुटलेलं पाणी तळाशी बसतं, ते खालच्या कॉकमधून रोज काढलं की वरचं तेल बराच काळ चालतं. पाणी न काढता जॉब तळापर्यंत बुडवले तर ते परत पाण्यातच बुडतात. हाताळायच्या भागांना सुकणारा मेणाचा थर बरा, आट्यांना ओलं तेल. थ्रेडलॉकर (आट्या सुटू न देणारा गोंद) लावायचा असेल तर आधी तेल पूर्ण काढावं, नाहीतर तो नीट धरत नाही.

आता ड्रॉइंगवर दोन शेरे जातात. पहिला: शक्य तिथे भोक आरपार, नसेल तर टॅपिंग ब्लॅकनिंगनंतर, आणि त्या उघड्या आट्यांना ग्रीस. दुसरा: ब्लाइंड होल उकळत्या पाण्यात रिन्स करणे, ऑइलिंगपूर्वी फिनॉल्फ्थॅलिन तपासणी, काडी गुलाबी आल्यास परत उकळणे. ज्याच्या लाइनमध्ये गरम रिन्सची टाकीच नाही तो या दुसऱ्या शेऱ्यावर कुरकुरतो. त्याला फक्त क्लॅम्प आणि पिना पाठवाव्यात.