क्लबचा बुद्धिबळाचा डाव परत बघायचा तर इंजिन की पट-वही?

क्लबातल्या एका काकांनी विचारलं, हरलेला डाव घरी गेल्यावर थेट लिचेसवर (बुद्धिबळाच्या वेबसाइटवर) टाकून इंजिनकडून, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामकडून, बघून घेऊ की पट आणि वही मांडून स्वतः बसू? मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर स्टॉकफिश हे इंजिन फुकट आणि पटही घरात असतोच, त्यामुळे तो प्रश्न नाही. वेळेत मात्र खूप फरक, इंजिन दोन मिनिटांत चुका दाखवतं, पटावर माझा तास-दीड तास सहज जातो.

पण लक्षात काय राहतं ते बघा. परवा २३व्या चालीला मी हत्ती सातव्या रांगेत घुसवला आणि माझ्या राजाची मागची रांग उघडी पडली. इंजिनने चाल किती चुकली याचा नुसता आकडा दिला, पटावर बसलो तेव्हा कळलं की मी प्याद्याच्या हावेपायी राजाकडे बघितलंच नव्हतं, स्कोअरशीटवर (चाली आणि वेळ लिहितो त्या कागदावर) त्या चालीला जेमतेम २० सेकंद लागलेले! हे कुठलंच इंजिन सांगत नाही.

उलट खोल कॉम्बिनेशन, म्हणजे एकात एक गुंतलेल्या चालींची मालिका, पटावर आपल्याला दिसत नाही, तिथे इंजिनच हवं.

उद्याच पुढची राऊंड असेल, ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) तपासायचं असेल तर इंजिन. त्याच त्याच चुका होत असतील तर आधी पट-वही, इंजिन शेवटी.