जुनी एमएक्स-५ ट्रॅकसाठी: पैसे आधी कुठे घालायचे

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ मधली, जिला सगळे एनए म्हणतात, तिची ट्रॅक कार, म्हणजे रेस ट्रॅकवर पळवायची गाडी, करून चालवतोय म्हणून हा रिव्ह्यू. बजेट ट्रॅक कार कुठली घ्यावी असं कोणी विचारलं की लगेच हॉर्सपॉवरचे आकडे निघतात आणि खर्च नक्की कुठे होतो ते मात्र कोणी सांगत नाही. गाडी एकदाच घ्यायची असते, टायर, पॅड, डिस्क, ऑइल, ब्रेक फ्लुइड हे परत परत घ्यावं लागतं, आणि ते किती लवकर संपणार हे बरंचसं गाडीच्या वजनावर ठरतं. एनए साधारण साडेनऊशे किलोची आहे. मला ती आवडते त्याचं पहिलं कारण हेच.

ई३६ बीएमडब्ल्यू (नव्वदच्या दशकातली ३ सीरिज) मस्त गाडी आहे, ताकद पण जास्त, पण सहा सिलिंडरवाली तेराशे किलोच्या पुढे जाते आणि टायर-ब्रेक त्या हिशोबाने खाते, वर कूलिंगमधले प्लास्टिकचे पार्ट आधीच बदलून घ्यावे लागतात. पोर्शे ९४४ चा बॅलन्स सुंदर, पण टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि मग बजेट हा शब्द विसरायचा. एनएचं इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, नवा बेल्ट टाकला की परत चालू. जुन्या गाडीत ही फार मोठी गोष्ट आहे.

घेताना इंजिनच्या आधी गंज बघा. मागच्या चाकाच्या पुढचा सिलचा (दाराखालच्या पट्टीचा) भाग दाबून बघायचा, कापडी टपाचं पाणी जायची भोकं तुंबली की तिथे आतून सडतं आणि वरचा रंग छान दिसत राहतो. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं, पुलीचा बोल्ट नीट टाइट नसेल तर की-वे (पुली जागेवर धरणारी खाच) झिजतो आणि पुली डुगडुगायला लागते. इंजिन चालू ठेवून पुली डुलते का बघा, डुलत असेल तर ती गाडी सोडा. गिअरबॉक्सबद्दल तक्रारच नाही, छोट्या थ्रोचा, नेमका, इतकं मारून पण गिअर लोण्यासारखे पडतात.

आता पैसे. माझा क्रम असा: आधी ब्रेक, मग कूलिंग, मग रोल बार आणि सीट, मग टायर आणि अलाइनमेंट, आणि पॉवर सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही.

ब्रेकमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फ्लुइड. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा कोरडा, म्हणजे ताजा असतानाचा, उकळबिंदू कमीत कमी २३० डिग्री सेल्सिअस, पण हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं आणि ओलं झालं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते, मग जोरात चार लॅप मारले की फ्लुइडमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून ट्रॅकवर जायच्या आधी ताजं फ्लुइड भरायचंच, जुनं अर्धवट उघडं डबडं वापरायचं नाही. पॅड ट्रॅकचे घ्या, फेरोडो डीएस२५०० सारखा मधला पॅड गाडी रस्त्यावरही चालवणाऱ्यांना छान जमतो. १.६ वाल्यांसाठी आणखी एक सोय आहे, नंतरच्या १.८ लिटरवाल्या एनएची डिस्क मोठी आहे, तिचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रॅकेट आणि डिस्क आणले की आपले जुनेच कॅलिपर त्यावर बसतात. महागड्या बिग ब्रेक किटची या वजनाला गरजच पडत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

कूलिंग हा या गाडीचा खरा कच्चा दुवा. मूळ इंजिन आडवं बसवायच्या गाड्यांसाठीचं, एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना पाणी बाहेर पडायची वाट हेडच्या पुढच्या बाजूला आणली, त्यामुळे मागच्या सिलिंडरकडे पाणी कमी फिरतं. रस्त्यावर काही फरक पडत नाही, ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला मात्र पडतो. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती जायच्या मार्गावर आहे, आधी ती बदला. ॲल्युमिनियम रेडिएटर, नवे होज, पुढच्या तोंडातून येणारी हवा बाजूने न निसटता रेडिएटरमधूनच जाईल असे पत्रे, एवढ्यात बहुतेकांचं काम होतं. पाणी मागून काढायचं रीराउट किट चांगलं आहे, पण ते टर्बो लावणाऱ्यांनी किंवा फार गरम हवेत चालवणाऱ्यांनी आधी घ्यावं. आणि नंतरच्या एनएमधल्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर विसंबू नका, तो प्रेशर आहे किंवा नाही एवढंच दाखवतो, खरा गेज लावा.

गाडी उघडी आहे त्यामुळे रोल बारवर, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या लोखंडी कमानीवर, काटकसर चालणार नाही. बारच्या टोकापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरायची, हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्या काठीच्या खाली साधारण पाच सेंटिमीटर तरी राहिलं पाहिजे. उंच माणसांची इथेच अडचण होते, फिक्स बकेट सीट जमिनीलगत बसवली की बहुतेकांचं जमतं. हार्नेस (खांद्यांवरून येणारा रेसिंग बेल्ट) लावायचा तर रोल बारसोबतच, नाहीतर गाडी उलटली तर तो माणसाला ताठ धरून ठेवतो आणि डोकं वाचवायला वर काहीच नसतं. फुल केज (गाडीभर पाइपचा पिंजरा) टाकून तीच गाडी बिनहेल्मेट रस्त्यावर चालवू नका, डोक्याजवळचा लोखंडी पाइप छोट्या धडकेत पण जीव घेऊ शकतो.

सस्पेन्शनमध्ये माझदाने आपलं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. पुढे-मागे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) स्टॉक बोल्टवरच ॲडजस्ट होतो, वेगळ्या प्लेट लागत नाहीत. फक्त ते बोल्ट इतक्या वर्षांत गंजून घट्ट बसलेले असतात, त्यांच्यावर आधीपासून तेल मारत राहा. स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्पर) टाकून गाडी जमिनीला टेकवू नका, या गाडीत सस्पेन्शनची हालचाल आधीच कमी, ती बंप स्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या रबरावर) बसली की कॉर्नरमध्ये अचानक सुटते. चांगले डॅम्पर, थोड्या कडक स्प्रिंग, नवे बुश आणि बरोब्बर अलाइनमेंट, बस. टायर २०५/५० आर१५, ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी म्हणजे मऊ टायर) २०० च्या आसपासचे, आणि ट्रॅकवरून आल्या आल्या गरम असतानाच प्रेशर बघायचं. असे टायर लावले की पुढचे व्हील बेअरिंग लवकर जातात, एक जोडी जवळ ठेवा.

११५ च्या आसपासच्या हॉर्सपॉवरवर सरळ रस्त्यावर सगळे पुढे जातात हे खरं, आणि ज्याला ते सहन होत नाही त्याने ही गाडी घेऊ नये. पण मोठ्या गाड्यांचे ब्रेक धूर काढायला लागतात तेव्हा ही अजून त्याच जागी ब्रेक दाबून आत वळते, आणि स्टिअरिंगमधून पुढचा टायर काय करतोय ते बोटांना कळतं. चालवणं शिकायला यापेक्षा चांगली गाडी मला माहीत नाही.

१.६ मध्ये एक कमी उरतेच, मागचा डिफ (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा) बारीक आहे आणि कॉर्नरमधून निघताना आतलं चाक फिरत राहतं. १.८ चा मोठा डिफ, टॉर्सनवाला (आतलं चाक मोकळं फिरण्यापासून रोखणारा) मिळाला तर उत्तमच, पण तो बसवायचा तर त्याचे ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपशाफ्ट पण सोबत लागतात, म्हणून सुटा डिफ घेऊ नका, एकाच गाडीतून निघालेला पूर्ण सेट शोधा.