घोंगडी आणि जेन धुऊन देणाऱ्यांपासून सावध राहा

लोकरीच्या जुन्या वस्तू घरी येऊन नेतो, यंत्रावर धुतो आणि घरपोच आणून देतो, अशा जाहिरातीवर भरवसा ठेवल्याने आमची घोंगडी गेली, जेन (लोकर दाबून केलेले जाड अंथरूण) गेले, वर ६,३७२ रुपये गेले. आणि एवढे होऊनही पोलिसांच्या लेखी हा गुन्हाच नाही. ही माणसे पुण्यात अजून फिरत असणार, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

घोंगडी काळ्या लोकरीची, हातमागावर विणलेली, माझ्या सासऱ्यांनी सांगोल्याकडून आणलेली. चंपाषष्ठीला तळी भरताना आमच्याकडे तीच अंथरली जाई. जेन विणलेले नसते; लोकरीचे थर भिजवून, दाबून आणि लाटून ते घट्ट केलेले असते, त्यामुळे गरम पाण्यात घातले की आटते आणि भिजलेले टांगले की ओघळून वेडेवाकडे होते. नेहमीच्या लाँड्रीने हे काम नाकारले होते. अशा वेळी लोकर, केस आणि कातडे यांच्याच गालिच्यांचे काम करतो असे कोणी सांगितले, तर त्याला बोलावण्यात काय गैर होते, हे मला अजूनही कोणी पटवून द्यावे.

दर ठरला घोंगडीचे १,२०० आणि जेनाचे १,८०० रुपये. त्यातले १,५०० आगाऊ दिले. त्यानंतर त्या माणसाने जेन पांढऱ्या कागदावर झटकले आणि कागदावर पडलेल्या वाळक्या अळ्या दाखवून 'काकू, कसर लागली आहे, आजच औषध केले नाही तर सगळे पोखरेल,' असे सांगत आणखी २,४०० रुपये घेतले. कसर जिथे लागते तिथे लोकर खाल्ली जाऊन विरळ होते, भोके पडतात. आमच्या जेनावर बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. अळ्या त्याच्याच मुठीतून पडल्या, याबद्दल मला आता तिळमात्र शंका नाही.

पण खरा घात पावतीने केला. तिच्यावर त्याने फक्त '२ नग ब्लँकेट' एवढेच लिहिले. मी ते वाचले होते. 'घोंगडी असे लिहा' म्हटल्यावर तो म्हणाला की छापील पुस्तकात तेवढेच रकाने आहेत, आणि मी गप्प बसले, कारण लाँड्रीच्या पावतीवर कापडाचा पोत आणि काठ लिहून घेण्याची पद्धत कोणाच्याच घरी नाही. त्याच तीन शब्दांनी पुढे माझे तोंड बंद केले. तुमच्यावर अशी वेळ आली, तर वस्तूचे नाव, रंग, लांबी-रुंदी आणि वजन लिहून घेतल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ देऊ नका, आणि नेणाऱ्याच्या हातात ती असतानाच फोटो काढा.

परत आणून देणारा मुलगा वेगळाच होता. प्लॅस्टिकमध्ये सील केलेले गाठोडे त्याने ठेवले, औषधाचा वास जाईपर्यंत दोन दिवस उघडू नका असे बजावले आणि उरलेले २,४७२ रुपये घेतले, त्यात ९७२ रुपये जीएसटीचे. पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. क्रमांक नसताना कर मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो.

आत गिरणीची दोन करडी ब्लँकेटे निघाली. त्यांतला एक धागा जाळून पाहिला, तर तो वितळून काळा, कडक मणी झाला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. वस्तू नेणाऱ्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

चौकीत पहिला प्रश्न आला, 'घोंगडीची किंमत ती काय?' दुसरा, 'दोन ब्लँकेटे दिली, दोन मिळाली, मग तक्रार कसली?' हा दिवाणी वाद आहे, असे सांगून मला सायबर शाखेकडे पाठवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळाले की पैसे तुम्ही स्वतःहून दिले आहेत. बँकेने सांगितले की व्यवहार तुमच्याच पिनने झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने दुकानाचा पत्ता मागितला. पत्ता खोटा, हीच तर माझी तक्रार होती! विश्वासाने सोपवलेली वस्तू लंपास करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये येते, हे मी, एका निवृत्त शिक्षिकेने, गणवेशातल्या माणसाला वाचून दाखवायचे, आणि त्याने चहा संपवेपर्यंत मान वर करायची नाही, याची चीड माझ्या मनातून जात नाही. पैशांचे मी एक वेळ सोडून देईन. सासऱ्यांची घोंगडी 'ती काय' म्हणून मोजली जाणे मी सोडणार नाही.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार वरिष्ठांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी ती पोलीस उपायुक्तांकडे पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तिथेही अर्ज केला आहे.

घरातले जेन मळले असेल तर कोणाला देऊ नका. सावलीत पसरून छडीने झटका, डाग रिठ्याच्या गार पाण्याने टिपून घ्या, आडवेच वाळवा. ब्लीच चुकूनही लावू नका, त्यात लोकर विरघळते. आणि '२ नग ब्लँकेट' लिहिलेली अशी पावती तुमच्याकडे असेल, तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प न बसता स्वतंत्र तक्रार द्या. एकाच बँक खात्याविरुद्ध अनेक अर्ज पडले, तर दिवाणी वाद म्हणून हात झटकणे चौकीला अवघड जाईल.