रस्त्याकडेच्या मेलबॉक्सचा खाली-वर होणारा खांब : एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

अमेरिकेत शहराबाहेर घर घेतलं की टपाल दारात येत नाही. पोस्टमन गाडीतून न उतरता उजव्या खिडकीतून हात काढून रस्त्याकडेच्या पेटीत ते टाकतो, आणि पेटीची झेंडी वर असेल तर आपलं जाणारं टपाल घेऊन जातो. या ग्रामीण टपालसेवेला वेस्ट व्हर्जिनियात १८९६ साली सुरुवात झाली. अर्धगोल छपराची पत्र्याची पेटी १९१५ सालची, रॉय जोरोलमन या टपाल खात्यातल्या अभियंत्याच्या आराखड्यावरची. तिच्यात आजही बदलण्यासारखं फार काही नाही. वाकतो, उचकटतो, कलतो तो तिच्याखालचा खांब. म्हणून हा रिव्ह्यू पेटीचा नाही, खांबाचा आहे.

जागा दक्षिण मिनेसोटातली, काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) रस्त्याच्या कडेची, चिकणमातीची. खांब रस्त्यावरच्या पाट्यांसाठी वापरतात त्या भोकांच्या चौकोनी गॅल्व्हनाइज्ड नळ्यांचा. या नळ्या पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच इंच अशा मापांत मिळतात आणि एकीत दुसरी सरकते. चारही बाजूंना दर इंचाला साडेतीन सुताचं (७/१६ इंच) भोक असतं. उंची बदलायची तर बोल्ट काढा, नळी सरकवा, पुढच्या भोकात बोल्ट घाला. ना वेल्डिंग, ना काँक्रीट.

आधी नियमांची मापं, कारण अख्खी रचना त्यावर बेतलेली आहे. पेटीचा तळ रस्त्याच्या पृष्ठभागापासून ४१ ते ४५ इंचांवर हवा आणि पेटीचं दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच मागे. इथे ‘रस्त्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक जण खांबाजवळच्या गवतापासून टेप लावतात. पण कडेची जमीन रस्त्यापेक्षा चार-पाच इंच खाली असते, आणि मग पेटी ३८-३९ इंचांवर येते. आठ फुटी सरळ लाकूड रस्त्याच्या कडेवर टेकवून खांबाच्या जागेपर्यंत न्या, त्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि लाकडाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तो उतार खांबाच्या उंचीत मिळवायचा.

दुसरा नियम खांबाच्या ताकदीचा, आणि तो उलटा वाटतो. गाडी धडकली तर खांब वाकायला किंवा आडवा व्हायला हवा. टपाल खातं शिफारस करतं ती ४ बाय ४ च्या लाकडी खांबाची (प्रत्यक्षात साडेतीन इंची) किंवा दोन इंच व्यासाच्या साध्या पोलादी अथवा अ‍ॅल्युमिनियम पाइपची, आणि जमिनीत २४ इंचांपेक्षा खोल नाही. काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन, नांगराचे फाळ, जाड पाइप हे सगळं दिसायला भारी असलं तरी रस्त्याखाली उतरलेल्या गाडीतल्या माणसाच्या जिवावर बेततं. चौकोनी नळी चालते का, हे काउंटीच्या महामार्ग विभागाला आधी विचारून घ्या. राज्य महामार्गाकडेचे नियम आणखी वेगळे असतात.

सामान असं लागलं. पायाला सव्वादोन इंची, १२ गेजची (गेज म्हणजे पत्र्याची जाडी; आकडा लहान तितका पत्रा जाड) २७ इंच नळी, त्यातली २४ इंच जमिनीत आणि तीन वर. खांबाला दोन इंची, १४ गेज, ६० इंच. पेटी रस्त्याकडे पुढे धरणाऱ्या आडव्या दांडीला बाहेरची नळी दोन इंची, १२ गेज, २४ इंच; आतली पावणेदोन इंची, १४ गेज, ३० इंच. खांब आणि दांडीच्या जोडाला दीड सूत जाडीच्या दोन एल-आकाराच्या पट्ट्या, शिवाय तिरपा टेकू द्यायला एक सपाट पट्टी. तीन सुताचे (३/८ इंच) बोल्ट अकरा : जोडाच्या पट्ट्यांना चार साडेतीन इंची, बाकीचे तीन इंची. दोन-दोन जास्तीचे घ्याच. गवतात पडलेला नट सापडत नाही.

बोल्टांबाबत एक सूचना. हॉट-डिप बोल्टावर जस्ताचा थर जाड असतो, त्यामुळे त्यावर साधा किंवा स्टेनलेसचा नट चढत नाही, त्याच्याच जोडीचा मोठ्या आट्यांचा नट घ्यावा लागतो. स्टेनलेसवर स्टेनलेस घेतलात तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर आटे एकमेकांत रुततात आणि पुढच्या वेळी उंची बदलताना बोल्ट करवतीनं कापावा लागतो. खाली-वर होणाऱ्या खांबाचे बोल्टच निघत नसतील तर सगळं मुसळ केरात!

आता उंचीचं गणित. खांबाजवळची जमीन रस्त्यापेक्षा पाच इंच खाली आणि पेटीचा तळ ४३ इंचांवर हवा, म्हणजे जमिनीपासून ४८. त्यातून पेटीखालची पाऊण इंचाची फळी आणि दोन इंचांची दांडी वजा केली की खांबाचं टोक जमिनीपासून सव्वापंचेचाळीस इंचांवर येतं. ६० इंची खांबाचे उरलेले पावणेपंधरा इंच जमिनीखाली, पायाच्या नळीत. नळीचे तीन इंच वर असल्यामुळे दोन नळ्या एकमेकींत पावणेअठरा इंच बसतात. किमान नऊ इंच बसलेल्या असाव्यात असं धरलं तर खांब आणखी साडेआठ-नऊ इंच वर जाऊ शकतो आणि तेवढाच खालीही. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की एक-दोन इंचांचाच प्रश्न असतो, त्यामुळे ही सोय पुरून उरते. स्क्रूनं कितीही बारीक उंची बदलणारे क्लॅम्पही मिळतात, पण चार इंचांची मुभा असताना एकेक इंचाच्या पायऱ्या पुरेत. क्लॅम्प घर्षणावर टिकतो, आणि पेटीवर बर्फाचा दणका बसला की घसरतो. बोल्ट घसरत नाही.

खोदण्याआधी ८११ वर फोन, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळांवर रंगाच्या खुणा करून मिळतात. फुकट आहे, आणि मिनेसोटात शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळून किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. लाल खूण विजेची, पिवळी गॅसची, नारिंगी फोन-इंटरनेटची, निळी पाण्याची. रस्त्याकडेच्या पट्ट्यात फायबर असतोच. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांत घणानं नळी ठोकायची नाही, हातानं खणायचं किंवा जागा सरकवायची.

पायाची नळी ठोकताना टोकावर ड्राइव्ह कॅप (ठोकताना घालायची जाड टोपी) नाहीतर कडक लाकडाचा ठोकळा ठेवा. उघड्या टोकावर घण घातला की कड आत दुमडते आणि आतली नळी शिरतच नाही. दर सहा इंचांनी दोन लगतच्या बाजूंना लेव्हल लावून बघा, कारण १८ इंच खाली गेल्यावर वाकडी नळी सरळ होत नाही. ठोकताना नळीच्या आत माती चढते हे कोणी सांगत नाही. खांब जेमतेम सहा इंच जाऊन अडतो. दीड इंची लांब ड्रिल बिटनं माती सैल करून व्हॅक्यूमनं काढावी लागते. चिकणमातीत हे काम ठोकण्यापेक्षा जास्त वेळ खातं.

या रचनेचं खरं दुखणं मात्र ढिलेपणा, मिस्त्रींच्या भाषेत प्ले. १२ गेजच्या सव्वादोन इंची नळीचं आतलं माप २.०४ इंच. आत दोन इंची खांब, म्हणजे इंचाच्या चार शतांश भागाची फट. पावणेअठरा इंच आत बसलेला खांब त्या फटीमुळे वरच्या टोकाला जेमतेम एक सूत डुलतो, आणि दोन बोल्ट एकमेकांना काटकोनात टाकून आवळले की तोही डोल जवळपास थांबतो. दांडीत चित्र वेगळं दिसतं. बाहेरची नळी १४ गेजची घेतली असती तर आतली फट दुप्पट, ०.०८४ इंच झाली असती आणि पेटी हातगाडीसारखी खडखडली असती. म्हणून दांडीची बाहेरची नळी १२ गेजचीच. तरी हलत असेल तर पत्र्याची पातळ पट्टी सारा. बोल्ट जोरात आवळून फट मिटवायला गेलात तर नळीच्या भिंती चेपतात आणि मग ती सरकत नाही.

त्याहून वाईट ढिलेपणा जोडाच्या भोकांत आहे. भोक साडेतीन सुताचं, बोल्ट तीन सुताचा, म्हणजे अर्ध्या सुताची मोकळीक. दिसायला किरकोळ. पण एल-पट्टीतले बोल्ट चार इंचांच्या अंतरावर आणि पेटीचं दार खांबापासून ३८ इंचांवर, म्हणजे ती मोकळीक दाराशी पोचेपर्यंत अर्धा इंच होते. नुसत्या एल-पट्ट्यांवर दांडी उभी केली तर पेटी नाक खाली घालून बसते आणि पोस्टमननं दार आपटलं की मान डोलावते. नट कितीही आवळले तरी काही आठवड्यांत तेच. उपाय एकच, तिरपा टेकू. दोन्ही नळ्यांच्या मध्यरेषा मिळतात तिथून दोन्हीकडे दहा इंचांवर बोल्ट घेतले की पट्टीतल्या भोकांमधलं अंतर १४ इंच एक सूत येतं. पण नुसत्या हिशोबावर विसंबून भोक पाडू नका. दांडीचं पुढचं टोक एक सूत वर उचलून धरा, पट्टी लावून खूण करा, मग ड्रिल. पेटी चढल्यावर दांडी बरोबर लेव्हलला येते. वरचा बोल्ट आतल्या नळीतूनही जातो, त्यामुळे दांडी लांब-आखूड करताना तोही काढावा लागतो. तेवढी गैरसोय चालेल.

फळीत बरेच जण फसतात. प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, थर सुटतात. तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड जस्ताला आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं, त्यामुळे पेटीखाली ते नको. सीडर किंवा पीव्हीसीची पाऊण इंची फळी बरी. बाजारातली १ बाय ६ प्रत्यक्षात साडेपाच इंच आणि १ बाय ८ सव्वासात इंच, म्हणजे साडेसहा इंची पेटीला एक अरुंद आणि दुसरी रुंद. मोठी घेऊन चिरायची. पुढून पाऊण इंच आखूड ठेवा, नाहीतर दार पूर्ण खाली पडत नाही. फळी दांडीला दोन बोल्टांनी, डोकी लाकडात बुडवून. पेटी फळीला पक्की हवी, कारण धडकेत सुटलेली पेटी थेट गाडीच्या काचेवर येते.

हिवाळ्यात काय झालं? स्नोप्लाऊचं (रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीचं) पातं पेटीला लागलं नाही; त्यानं उडवलेला ओला, जड बर्फ लागतो आणि तोच खरा शत्रू. तो पेटीला रस्त्याच्या दिशेत ढकलतो, म्हणजे खांबाला पीळ देतो. गोल पाइप आणि आट्यांच्या फ्लँजवर (पाइपच्या टोकाला फिरवून बसवायच्या चकतीवर) बसवलेली पेटी इथेच हरते, कारण प्रत्येक दणक्याला फ्लँज थोडी उलगडते आणि मार्चपर्यंत पेटीचं तोंड शेजाऱ्याच्या शेताकडे. चौकोनात चौकोन फिरू शकत नाही. तिरपा टेकू थोडा वाकला, तो काढून पहारीवर सरळ करून परत लावला. दांडीमुळे खांब रस्त्यापासून ४५ इंच मागे राहतो, त्यामुळे पेटीखालचा बर्फ फावड्यानं काढतानाही खांब आड येत नाही. बहुतेक काउंट्या पातं प्रत्यक्ष लागलं तरच भरपाई देतात, उडालेल्या बर्फाची नाही, हेही ध्यानात असू द्या.

गोठण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. या भागात बांधकामाचा पाया ४२ इंच खोल घेतात, आणि आपली नळी २४ वर थांबते. चिकणमाती गोठताना नळीला धरून वर उचलते. बर्फ वितळल्यावर पायाची नळी पाऊण इंच वर आलेली होती, आणि ठोकळा ठेवून घणाच्या चार ठोक्यांत खाली गेली. काँक्रीटचा गोळा असता तर तो उचलला जाऊन तिरका राहिला असता आणि ठोकताही आला नसता. रेताड जमिनीत हा त्रास कमी, पण तिथे नळी सैल पडते. भोवती खडी घालून कुटावी.

त्यातच जानेवारीत उंची बदलायची असेल तर विसरा. पायाच्या नळीत साठलेलं पाणी गोठतं आणि खांब जणू वेल्ड होतो. बसवताना खांबाच्या खालच्या भागाला ग्रीस फासलं तर बरंच निभावतं, पण बदल करायचे ते ऑक्टोबरातच करून घ्यावेत.

स्विंग-अवे, म्हणजे दणका बसताच बाजूला फिरून स्वतःच्या वजनानं जागेवर येणारी दांडी, वेगवान महामार्गाकडेला घ्यावी. काउंटी रस्त्यावर तिची गरज वाटली नाही. साखळीला टांगलेली पेटी वाऱ्यात झुलते, पोस्टमनला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं दार उघडावं लागतं, ती नकोच.

पाचपैकी चार. अर्धा गुण गोठण्याचा कापला आणि अर्धा गांधीलमाश्यांचा. साडेतीन सुताची भोकं त्यांना घरासाठी अगदी मापाची आहेत, आणि मे महिन्यात दांडीत हात घालणाऱ्याला ते लगेच कळतं. टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पेटीजवळच्या मोकळ्या भोकांत रबरी बूच बसवले. खालची, पायाजवळची भोकं उघडीच ठेवा, पाणी तिथूनच निचरतं.