मुलुंडच्या नर्सरीतलं पालापाचोळ्याचं खत आणि आमच्या गच्चीवरचे बटाटे

गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून स्वस्तातली लाल माती आणली आणि टोमॅटो काढलेल्या ग्रो बॅगांमध्येच ती भरून बटाटे लावले. जानेवारीत भर दुपारी हिरवीगार रोपं माना टाकायला लागली. मंचरच्या मामांनी फोनवर सांगितलं, "खोड काप आणि पाण्यात धर." धरलं, तर दोन मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे उतरू लागले. राल्स्टोनिया नावाचा जिवाणू, म्हणजे बांगडी रोग! बटाटा कापल्यावर आत तपकिरी कडं दिसतं, म्हणून हे नाव. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्यावरही तोच जिवाणू येतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. फार वाईट वाटलं.

या नोव्हेंबरात सगळं नवं: बॅगा, बेणं आणि हे खत. १२० रुपयांत पाच किलो. पिशवी उघडली की पहिल्या पावसाचा वास येतो, मुठीत दाबलं तर चिकटत नाही, आणि आत गांडुळाची पिल्लंसुद्धा सापडली. मला हेच हवं होतं. नाना तऱ्हेचे सूक्ष्मजीव मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच अडवतात, त्यामुळे रोगाच्या जिवाणूला पाय रोवणं अवघड होतं.

हे औषध नव्हे. रोगट माती यानं शुद्ध होणार नाही. पण आठपैकी आठ रोपं टिकली, बटाटे आतून स्वच्छ निघाले.

चाळणी मात्र बारीक हवी, काड्या फार येतात. आणि नर्सरीवाल्या काका, खवल्या (बटाट्याच्या सालीवर खरखरीत डाग पाडणारा रोग) टाळायच्या असतील तर बटाट्याच्या गिऱ्हाइकाला सोबत राख देऊ नका; राखेनं माती अल्कधर्मी होते आणि खवल्यांना तेच मानवतं.